विटांच्या चुऱ्यातलं जेड

घरमालक गेले तो सोमवार होता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. सव्वाअकराला त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबा गेले," ती म्हणाली. मी ग्रंथालयाला कुलूप लावलं आणि घरी आले. ओटीवर लोक बसले होते. पनवेलहून सकाळीच आलेली मुलगी आत होती. खिडकीत त्यांचं जेडचं झाड होतं.

आदल्याच दिवशी माझं त्यांच्याशी भांडण झालं होतं. त्या झाडाच्या एका फांदीच्या टोकाची दोन पानं मी नखाने खुडली होती, आणि त्यांच्या मते चार खुडायला हवी होती. एवढ्यावर त्यांनी मला पाऊण तास उभं ठेवलं. मग भांडण पानांवरून दुसऱ्याच गोष्टीवर गेलं, ती गोष्ट पुढे सांगेन. शेवटी मी "तुम्ही ऐकणारच नाही" असं म्हणून जिना चढून वर गेले. त्यांच्याशी झालेलं माझं शेवटचं बोलणं ते. माणूस गेल्यावर त्याच्यावरची चीडही जायला हवी असं मला वाटत होतं, पण ती गेलेली नाही. त्यांच्याविषयी लिहायला बसले की तीच आधी वर येते.

कर्जतला नदीच्या बाजूला त्यांचं घर आहे. खाली दोन खोल्या आणि पत्र्याची ओटी, वर एक खोली. सहा वर्षांपूर्वी ती वरची खोली बघायला मी गेले, तेव्हा त्यांनी खोली दाखवलीच नाही. मला खुर्चीत बसवलं, समोरच्या टेबलावर दोन पानं ठेवली आणि विचारलं, "यातलं जेड कोणतं?"

दोन्ही पानं जाड होती, दोन्ही हिरवी होती. एक मोठं होतं, एक नखाएवढं.

"दोन्ही असतील," मी म्हणाले.

"असतील म्हणजे?"

"माहीत नाही."

"मग माहीत नाही म्हणायचं. दोन्ही असतील काय? सामान कधी आणताय?"

खोली मला त्या 'माहीत नाही'मुळे मिळाली, असं त्यांनी पुढे कितीतरी वेळा सांगितलं. माझ्या आधी आलेल्या बँकेतल्या माणसाने म्हणे बेधडक मोठ्या पानावर बोट ठेवलं होतं.

ते मोहोपाड्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. तीस वर्षं त्यांनी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि निवृत्तीनंतर ती सवय घरात आणली. घरातल्या प्रत्येक डब्यावर, बटणावर, किल्लीवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असे. त्याचं मला काही नव्हतं. पण चिठ्ठी नसलेली वस्तू त्यांच्या दृष्टीने धोक्याची असे आणि ती टाकून द्यायची असे. माझ्या आईने कडाववरून पाठवलेलं मेतकूट मी एकदा खाली त्यांच्या फ्रिजवर ठेवून कॉलेजला गेले. संध्याकाळी आले तर बरणी धुऊन पालथी घातलेली.

"पिवळी पावडर होती. नाव नव्हतं," ते म्हणाले.

"काका, मेतकूट होतं ते! वास नाही का आला?"

"वास घेऊन ओळखायचं नसतं. आमचा एक माणूस तसाच गेला."

आईला मी खोटं सांगितलं की मेतकूट छान झालं होतं. तिने आणखी पाठवलं. त्यावर मी मोठ्या अक्षरांत 'मेतकूट' लिहिलं, खाली तारीख घातली. त्यांनी ते वाचून मान हलवली, आणि मला त्या मान हलवण्याचा आणखी राग आला.

जेडवर त्यांचा विशेष जीव. लोक ज्याला जेड म्हणतात ती दोन वेगळी झाडं आहेत, हे सगळ्या कर्जत-खालापूरला पटवून देणं हे आपलं काम आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. एक मोठ्या पानाचं. त्याचं खोड फुगीर आणि हिरवट-राखी, पान कानाच्या पाळीसारखं मऊ. दुसरं लहान पानाचं. त्याच्या काड्या तांबूस, पानं समोरासमोर जोडीने, आणि प्रत्येक जोडी आधीच्या जोडीला आडवी. बोन्साय शिकायचं तर दुसरं घ्यायचं. त्याचं पान मुळातच लहान, फांदी कापली की कापल्याच्या खालून दोन फुटतात, आणि नवशिक्याने चार चुका केल्या तरी ते तग धरतं. सगळ्यात सोपी खूण चवीची. लहान पान आंबट लागतं. ही खूण ते येईल त्याला पडताळायला लावत. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस, गॅसवाला, मतदार यादीचं काम करणाऱ्या शिक्षिका, सगळ्यांनी आमच्या ओटीवर उभं राहून पान चावलेलं आहे. मीटरवाला तर गेटमधूनच ओरडायचा, "काका, आंबट हाय, आंबट हाय! आता रीडिंग घेऊ द्या."

एकदा एका माणसाने चुकून मोठं पान, जे पोटाला बाधतं, तोंडाकडे नेलं. घरमालकांनी त्याचा हात एवढ्या जोरात धरला की तो बिचारा पुन्हा आला नाही.

"ज्याचं नाव माहीत नाही त्याला पाणी घालायचं नाही," असं ते म्हणत. माझ्या खिडकीत मी हौसेने दोन कुंड्या आणून ठेवल्या होत्या. त्यांतल्या एकीचं नाव मला सांगता येईना. मी पाणी घालते आहे का ते बघायला ते दिवसातून दोनदा जिना चढत.

एका रविवारी त्यांनी मला खालापूरच्या बाजूच्या एका नर्सरीत नेलं. नेलं म्हणजे माझ्या स्कूटरवर मागे बसून आले आणि सगळा रस्ता छत्रीच्या टोकाने वळायची दिशा दाखवत राहिले. नर्सरीत मुंबईचं एक जोडपं उभं होतं. त्यांचं इकडे फार्महाऊस होतं आणि त्यांना पहिलं बोन्साय घ्यायचं होतं. नर्सरीवाल्याने पसरट कुंडीतलं, मोठ्या पानाचं, दोन पांढरे दगड लावून सजवलेलं झाड त्यांच्यापुढे धरलं होतं.

"हे बोन्सायला देऊ नका," घरमालक म्हणाले.

नर्सरीवाल्याने वळून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "आले का काका. अहो, जेड हाय ते."

"मोठ्या पानाचं आहे. फूटभर झाडाला दीड इंचाचं पान. लहान पोराने बापाचे बूट घातल्यासारखं दिसेल."

"ताईंना आवडलंय ना पण."

"ताईंना नाव सांगितलंत का त्याचं?"

"काका, तुमी रविवारचे येत नका जाऊ. सोमवारी या. चहा पाजतो, दोन तास बसा. सोमवारी गिऱ्हाईक नसतं."

तोवर घरमालक खताच्या पोत्यांमागे गेले होते. तिथून त्यांनी काळ्या पिशवीतलं, धूळ बसलेलं लहान पानाचं रोप ओढून काढलं आणि त्या बाईंच्या हातात दिलं. "हे घ्या. आणि एक पान चावून बघा."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "हे तर साधं झुडूप दिसतंय."

"मग तुम्ही काय घ्यायला आलात, झाड की दगड?"

जोडपं काहीच न घेता गाडीत बसून गेलं. नर्सरीवाल्याने दगडवाली कुंडी खाली ठेवली. माझ्यापुढे हात जोडले. "ताई, यांना तुमी आणत नका जाऊ." मी मान खाली घालून स्कूटर सुरू केली. मागे बसलेले घरमालक सांगत होते की त्या रोपाचं खोड तळाशी छान रुंद होतं, लोकांना बघता येत नाही.

ओटीवर लोखंडी मांडणीत त्यांची वीसेक लहान झाडं होती. त्यांत काही मेलेलीही होती. चिठ्ठी लावून ठेवलेली. पण ओटीच्या टोकाला, सिमेंटच्या मोठ्या कुंडीत, लहान पानाचं जे जुनं जेड होतं त्याला ते कात्री लावत नसत. ते त्यांच्या बायकोने लावलेलं होतं. मोहोपाड्याच्या कॉलनीतली खोली सोडताना काकींनी शेजारणीच्या कुंपणातली काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. काडीचं मनगटाएवढं खोड झालं, उंची माझ्या खांद्यापर्यंत गेली. मी राहायला आले तेव्हा काकी जाऊन तीन वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलेलं नाही.

घरमालकांना ते झाड कापायचं होतं. त्यांच्या मते ते वरून जड झालं होतं आणि एखाद्या वादळात तुटणार होतं. गुडघ्याएवढं ठेवून बाकी उतरवलं तर दहा वर्षांत त्याचं असं बोन्साय झालं असतं की कर्जतमध्ये कोणाकडे नाही. कागदावर त्यांनी त्याची चित्रं काढून ठेवली होती. पण मुलीने सक्त मनाई केली होती. ती पनवेलला राहते. आली की आधी त्या झाडापाशी जायची.

"बाबा, बाकीच्यांचं काय करायचं ते करा. आईच्या झाडाला हात लावाल तर मी या घरात पाऊल ठेवणार नाही. ताई, तुम्ही लक्ष ठेवा हो यांच्यावर."

मी हो म्हणाले होते. तशी ती वर्षातून दोनदाच यायची, चौदा एप्रिलच्या जयंतीला आणि मे महिन्याच्या सुट्टीत. आल्यावर दोघं एका खोलीत फारसे बसत नसत.

दोन वर्षांपूर्वी जुलैत घरमालकांच्या छातीत दुखलं. मुलगी येऊन त्यांना पनवेलच्या दवाखान्यात घेऊन गेली. गाडीत बसताना त्यांनी मला काच खाली करून सांगितलं, "कशालाही पाणी घालू नका. पाऊस आहे. मी येईपर्यंत काहीही करू नका."

"काही करत नाही. तुम्ही जा."

"काही म्हणजे काहीही."

त्यांचं एक तर हे दोन-दोनदा सांगणं. त्यात त्यांनी मेतकूट फेकल्याला महिनाही झाला नव्हता.

चार दिवसांनी आई आली. कडावला आमची आवणी, म्हणजे भातलावणी, आटोपली होती, आणि घरमालक आजारी आहेत असं मी फोनवर सांगितलं होतं. आजारी माणसाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून ती टेंपोतून एक गोण घेऊन उतरली. गोणीत आमच्या खालच्या खाचरातली माती होती. काळी, मऊ, बोटाला चिकटणारी. आमच्याकडे त्या मातीएवढं चांगलं काही नाही. परसातल्या केळीला, अळवाला, तुळशीला तीच घालतात. आईने ओटीवर फिरून सगळ्या कुंड्या बघितल्या आणि काकींच्या झाडापाशी थांबली. कुंडीत हात घालून मूठभर चुरा काढला.

"आगं, यात माती कुठं हाय?"

"विटांचा चुरा असतो तो. आणि जाळलेलं भाताचं तूस. ते तसंच घालतात."

"येवडा शिकलेला मानूस, आन झाडाला विटा खायला घालतो? उपाशी ठेवलंय गं बिचाऱ्याला."

"आई, हात नको लावू. ते चिडतील."

"आपल्या चांगल्यासाटी केलं तर कोन चिडतं? दवाखान्यातून येईल तवा झाड कसं हिरवंगार दिसलं पायजे. मानसाला बरं वाटतं. धर जरा कुंडी."

मी थांबवू शकले असते. आई माझं ऐकते. मी घरमालकांना फोन करू शकले असते, किंवा मुलीला. मी मेतकुटाचा विचार केला, आणि नर्सरीतल्या त्या रविवारचा, आणि 'काही म्हणजे काहीही'चा. मग मी कुंडी धरली.

आईने सगळा चुरा काढला, मुळांभोवती खाचरातली माती हाताने दाबून बसवली, आणि आम्ही दोघींनी कुंडी ओढत ओढत अंगणात पावसात नेली. पत्र्याखाली कसलं पाणी मिळणार, असं तिचं म्हणणं. भाताचं रोप लावल्यावर त्याच्या पायाशी पाणी उभं राहिलं पाहिजे, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. जुलैतला आमचा पाऊस. आठ दिवस तो थांबला नाही.

घरमालक बाराव्या दिवशी आले. तोवर मी घाबरून कुंडी पुन्हा ओटीवर घेतली होती. पानं पिवळी पडून गळत होती आणि खोड तळाशी काळपट झालं होतं. मुलगी त्यांना हाताला धरून आणत होती. ते झाडापाशी थांबले, वाकले, बोट मातीत खुपसलं, बोटांत चोळलं. मग त्यांनी जिन्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं.

"बाबा, काय झालं झाडाला?" मुलगी म्हणाली.

"माती बदलली."

"कोणी?"

"मी. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी."

मुलीने त्यांचा हात सोडला. "तुम्हाला कापायचंच होतं ना ते? मी नको म्हणाले म्हणून हे असं केलंत? कुजवून?"

"कापावं तर लागेलच आता."

"आईचं होतं हो ते!" तिने त्यांची पिशवी ओटीवर ठेवली आणि चहाही न घेता निघून गेली.

मी खाली उतरले. मी सगळं सांगितलं, खरं तर त्यांना सांगायची गरज नव्हती. मी मुलीला आत्ता फोन करते, असं म्हणाले.

"गप्प बसा," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलंत तर ती तुमच्यावर रागावेल. खोली सोडायला लावेल, आणि संपलं. माझ्यावर रागावली आहे तर ती येत राहील. मी आणखी काय बिघडवतोय ते बघायला येईल."

"काका, पण हे बरोबर नाही."

"बरोबर नाहीच. आणि तुमच्या आईंना काही कळवू नका. त्यांची माती उत्तम आहे. भाताला."

दुसऱ्या दिवशी आम्ही झाड कापलं. त्यांच्या हाताला अजून सुई टोचल्याची पट्टी होती, म्हणून सुरी मी धरली. ते अंगठ्याने खोड दाबत वर जात होते. जिथे बोट आत जाईल तिथपर्यंत झाड गेलेलं. मी कापलं. आतल्या कापात तपकिरी वलय होतं.

"काय दिसतं?"

"तपकिरी आहे."

"वर."

पुन्हा कापलं. पुन्हा तपकिरी. प्रत्येक वेळी सुरी स्पिरिटने पुसायची. मनगटाएवढं खोड गेलं, मग दोन जाड फांद्या गेल्या. सहाव्या कापाला आतून फिकं हिरवं, ओलं, स्वच्छ निघालं. माझ्या हातात पाच-सहा इंचांचा शेंडा उरला होता. खांद्याएवढं झाड अंगणात तुकड्यांनी पडलं होतं आणि मला रडू येत होतं. ते चष्मा वर करून त्या शेंड्याच्या पानांच्या जोड्या मोजत होते.

कापलेलं तोंड सुकल्याशिवाय शेंडा लावता येत नाही, आणि जुलैत आमच्याकडे टॉवेलसुद्धा सुकत नाही. काकींच्या साड्यांच्या कपाटात बुरशी येऊ नये म्हणून ते पावसाळाभर विजेचा एक दिवा लावून ठेवत, काकी ठेवायच्या तसाच. त्या कपाटात, दोन साड्यांच्या मध्ये, दोऱ्याने बांधून त्यांनी शेंडा टांगला. पंधरा दिवस. मी रोज कॉलेजला जाताना विचारायची, "लावू या का आता?" ते म्हणायचे, "तुम्हा भातवाल्यांना धीर नाही."

मग पुढचं दीड वर्ष. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला कामाला लावलं. दर रविवारी सकाळी वीटभट्टीवरून आणलेले तुकडे कुटायचे, तीन चाळण्यांतून चाळायचे, धूळ धुऊन टाकायची. मला शिंका येत. ते खुर्चीत बसून चुऱ्याचा आकार नापसंत करत. शेंड्याला मुळं फुटली, नवी पानं आली, आणि मग रोजची परीक्षा सुरू झाली. या झाडाला तार गुंडाळायची नाही, कोवळ्या सालीत रुतते. फक्त खुडायचं. कोणत्या पानाच्या कुशीतून फांदी हवी ते आधी ठरवायचं, मग त्याच्या वर कापायचं. मी ठरवलं की ते चुकलेलं असायचं. मी ठरवलं नाही की ते म्हणायचे, "मग बघताय काय नुसतं?"

मुलगी खरंच येऊ लागली. आधी महिन्याने, मग दर पंधरा दिवसांनी. येताना डबा आणायची आणि भांडायची.

"एवढंसं केलंत आईच्या झाडाचं."

"पाच इंच होतं. आता सहा आहे."

"मोजून काय सांगताय, बाबा?"

"मग अंदाजाने सांगू?"

"जेवा आधी. गार होतंय."

ती जेवायला बसवून पुन्हा भांडायची. त्यांचा चेहरा तेव्हा मी बघितलेला आहे. वर्षातून दोनदा येणारी मुलगी आता पुढ्यात बसून ताटात भाजी वाढत होती आणि म्हणत होती की तुम्ही आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाही. ते भाकरी मोडत 'हं' म्हणत होते.

आणि मी जिन्यावर. ती जाताना मला म्हणायची, "ताई, तुम्ही होतात ना इथे, तुम्हाला तरी कळायला हवं होतं." मी काही बोलणार, एवढ्यात आतून हाक यायची, "मॅडम, कात्री कुठे ठेवलीत?" कात्री जागेवरच असायची. चिठ्ठीसकट.

आई त्यांना भाऊ म्हणायची. फोनवर विचारायची, "भाऊंचं झाड कसं हाय गं?" मी सांगायची, चांगलं आहे. "बगितलंस ना, मातीचा गुन," ती म्हणायची.

त्या शेवटच्या रविवारी, दोन पानं की चार यावरून बोलणं चाललं होतं, आणि मी म्हणून गेले की आता मी तिला सांगणार आहे. दीड वर्ष ती तुम्हाला नाही नाही ते बोलते आणि मी ऐकते. ते म्हणाले, "ती येते ना?" मी म्हणाले, "सांगितलं तरी येईल." ते म्हणाले, "कशावरून?" मग मी, तुम्ही ऐकणारच नाही, असं म्हणून वर गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, लोक जेवून गेले. मुलगी मागच्या दारी पेले विसळत होती. मी पुसून ठेवत होते.

"झाड मी नेते, ताई," ती म्हणाली. "त्यांनी मुद्दाम केलं असलं तरी काडी आईचीच आहे."

मी सांगितलं. गोणीपासून सगळं. तिने नळ बंद केला.

"कुंडी कोणी धरली होती?"

"मी."

"आणि बाबा गप्प का बसले?"

तेही सांगावं लागलं. अर्धं सांगून चाललं नसतं. तुम्ही रागावून येत राहाल म्हणून, असं मी म्हणाले.

ती पायरीवर बसली. हात ओलेच होते. "म्हणजे मी भांडायला यावं म्हणून?"

"हो."

"आणि मी भांडायलाच येत होते," ती म्हणाली. "दर वेळी. गाडीत ठरवत यायचे, आज काय बोलायचं ते." मी उरलेले पेले पुसले. मग ती उठली, झाड खिडकीतून उचललं, गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा लावला आणि गेली. त्यांचं बरोबर होतं की माझं, ते मला अजून कळलेलं नाही. ते असते तर म्हणाले असते, मग माहीत नाही म्हणायचं. याही गोष्टीचा मला राग येतो.

तीन आठवड्यांनी तिच्याकडून झाडाचा फोटो आला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. पानांच्या जोड्यांमधलं अंतर वाढलं होतं, फांद्या एका बाजूला ओढल्या होत्या. मी लिहिलं, "उजेड कमी पडतोय." दोन दिवसांनी दुसरा फोटो आला, झाड ग्रिलमध्ये ठेवलेलं.

खोली तिने सोडायला लावली नाही. खालचं घर बंद आहे. झाड पनवेलला आहे, सात इंच, पाच फांद्या. महिन्यातून एकदा फोटो येतो आणि मी उत्तर लिहिते. झाडाखेरीज आम्ही काही बोलत नाही.